देऊळ महाजनांचे, देखरेख मामलेदाराची : गोव्यात धर्मस्वातंत्र्याची घटनात्मक सीमा कोठे आहे?

प्रश्न असा आहे : "मी फोंडा तालुक्यातील एका देवस्थानचा महाजन आहे. आमच्या समितीची निवडणूक, अंदाजपत्रक आणि वार्षिक हिशेब यांवर मामलेदारांची देखरेख असते. शेजारच्या चर्चच्या कारभारात मात्र असा कोणी सरकारी अधिकारी नसतो; उलट जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शन सोहळ्यासाठी सरकार स्वतः खर्च करते. राज्य आणि धर्म वेगळे असतील, तर मामलेदार आमच्या देवळात कसे? घटनेच्या कलम २५ व २६ च्या आधारे ही देखरेख रद्द करून घेता येईल का?"

गोव्यात देवस्थानांचे दावे चालवताना हा प्रश्न मला अनेक महाजनांनी, म्हणजे देवस्थानच्या नोंदवहीत नाव असलेल्या वंशपरंपरागत सदस्यांनी, विचारला आहे, आणि त्यामागची वेदना मला खरी वाटते. तरीही उत्तर आधी स्पष्टपणे सांगतो. केवळ सरकारी अधिकारी आहे म्हणून मामलेदारांची देखरेख घटनाबाह्य ठरत नाही. ती पूजेअर्चेत शिरली, किंवा देवस्थानचा कारभार महाजनांकडून कायमचा काढून घेतला गेला, तर मात्र ती टिकणार नाही. भेदभावाचा मुद्दा याहून कठीण आहे, कारण तो मांडणाऱ्या महाजनाने आपला स्वतःचा हक्क कोठून आला हेही सांगण्याची तयारी ठेवावी लागते.

राज्य आणि धर्म यांच्यात भिंत असते ही कल्पना अमेरिकेची आहे. तिथल्या घटनेची पहिली दुरुस्ती १७९१ मध्ये अमलात आली, आणि १८०२ मध्ये जेफरसन यांनी एका पत्रात तिचे वर्णन करताना भिंतीची उपमा वापरली. आपल्या घटना समितीपुढेही तशाच आशयाची सूचना आली होती. भारतीय राज्याचा कोणत्याही धर्माशी, पंथाशी संबंध राहणार नाही, असे स्पष्ट कलम घालावे असे प्रा. के. टी. शहा यांनी डिसेंबर १९४८ मध्ये सुचवले, आणि समितीने ते स्वीकारले नाही. या नकारामागचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या देशात लाखो माणसांना जातीमुळे देवळाच्या पायरीवर थांबवले जात होते, त्या देशात राज्याने धर्माला हातच लावायचा नाही असे ठरवले असते, तर ती दारे कोणी उघडली असती? म्हणून आपल्या घटनेने धर्मश्रद्धेला संरक्षण दिले आणि त्याच कलमात राज्याला धर्मसंस्थांच्या ऐहिक व्यवहारांचे नियमन करण्याची व हिंदू देवळे सर्व हिंदूंना खुली करण्याची मुभाही दिली.

कलम २५ प्रत्येक व्यक्तीला सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. 'प्रत्येक व्यक्तीला' म्हणजे केवळ नागरिकाला नव्हे. हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदी यांच्या अधीन आहे. त्याच कलमाचा दुसरा खंड धर्माचरणाशी निगडित असलेल्या आर्थिक, वित्तीय, राजकीय वा अन्य ऐहिक व्यवहारांवर कायदा करण्याचा अधिकार राज्याला देतो. कलम २६ व्यक्तीऐवजी संप्रदायाला हक्क देते : धार्मिक बाबींत आपले व्यवहार आपण पाहण्याचा, मालमत्ता धारण करण्याचा आणि ती 'कायद्यानुसार' प्रशासित करण्याचा. कलम २६ मधील हा शेवटचा शब्दप्रयोग आपल्या प्रश्नाचा कणा आहे. धार्मिक बाबी संप्रदायाच्या हातात राहतात. मालमत्तेचे प्रशासनही त्याच्याच हातात राहते, पण ते कायद्याच्या चौकटीत. म्हणून कोणताही वाद समोर आला की तो धार्मिक बाबीचा आहे की मालमत्तेच्या प्रशासनाचा, हे आधी ठरवावे लागते.

हे ठरवायचे कसे, याचा पाया सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात घातला. धर्माचा गाभा कोणता हे त्या धर्माच्या स्वतःच्या शिकवणीवरून ठरवावे, आणि नैवेद्य, विधी, उत्सव यांनाही धर्माचरण म्हणून संरक्षण आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्या खटल्यात मद्रास सरकारच्या १९५१ च्या कायद्यातील काही कलमे टिकली आणि काही पडली. पडलेल्यांपैकी एका कलमाने आयुक्ताला व त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना धर्मस्थळाच्या आवारात केव्हाही प्रवेश करण्याची मुभा दिली होती. गाभाऱ्याच्या मर्यादा आणि पूजेच्या वेळा न पाळता अधिकाऱ्याने आत येणे हे धर्माच्या बाबीतील अतिक्रमण आहे, असे न्यायालयाचे मत पडले. त्याच वर्षी मुंबईच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याविरुद्ध रतिलाल पानाचंद गांधी यांनी दाखल केलेल्या खटल्यात याची दुसरी बाजू स्पष्ट झाली : नियमन करता येते, पण प्रशासनाचा हक्कच संप्रदायाकडून पूर्णपणे काढून दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही.

चिदंबरमच्या नटराज मंदिराच्या प्रकरणात, जानेवारी २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने हाच धागा पुढे नेला. गैरकारभार झाला असेल तर सरकार कारभार हाती घेऊ शकते, पण तो दोष दूर होईपर्यंतच. मुदत न ठरवता कायमचा ताबा ठेवणे म्हणजे हक्कच हिरावून घेणे. माझ्या मते गोव्यातील महाजनांसाठी हा निकाल सर्वांत उपयोगाचा आहे. समिती बरखास्त करून प्रशासक नेमला गेला आणि निवडणूक न घेता काळ लोटत राहिला, तर कलम २६ चे दार ठोठावण्याची ती योग्य वेळ असते.

आता ही कसोटी आपल्या देवळावर लावून पाहा. पालखी कोणत्या तिथीला निघावी, नैवेद्य कोणता असावा, देवाला कौल कसा लावावा, गाभाऱ्यात कोणी जावे, काल्याच्या दिवशी कोणता विधी आधी व्हावा, यांत मामलेदारांचा संबंध नाही. उत्पन्नाचा हिशेब, ठेवी, दागिन्यांची नोंदवही, जमिनीचे भाडेपट्टे, अग्रशाळेच्या (भक्तनिवासाच्या) बांधकामाची निविदा आणि पावणीतून (लिलावातून) आलेली रक्कम या बाबी कायद्याच्या कक्षेत येतात. भटाची नेमणूक मात्र दोन्हींच्या सीमेवर बसते. शेषम्मल खटल्यात १९७२ मध्ये न्यायालयाने नेमणूक ही ऐहिक कृती मानली, पण नेमलेल्या पुजाऱ्याने आगमांप्रमाणेच पूजा करावी हेही मान्य केले. पुजारी कोण, हा वाद घेऊन जेव्हा पक्षकार येतात, तेव्हा मी त्यांना प्रथम हेच विचारतो की तक्रार माणसाच्या नेमणुकीविषयी आहे की पूजेच्या पद्धतीविषयी. दोन्ही एका अर्जात मिसळले की दोन्ही मुद्दे कमजोर होतात.

मामलेदार देवळात आले कसे, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागतो. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींत (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागांत) देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले, मधल्या काळात काही वर्षे थांबले, आणि शेवटी १८१२ मध्ये बंद झाले. राज्य आणि चर्च एकच असले म्हणजे माणसाच्या श्रद्धेचे काय होते, हे गोव्याइतके फार थोड्या भूमींनी सोसले असेल. या इतिहासाचा आठव ठेवणाऱ्या माणसाला सरकारी अधिकारी देवळात पाहून अस्वस्थ वाटणे मी अगदी स्वाभाविक मानतो.

अठराव्या शतकात, १७६३ पासून, फोंडा आणि नंतर इतर नव्या काबिजादी पोर्तुगिजांकडे आल्या, तेव्हा तिथल्या लोकांचे धर्म व रीतिरिवाज पाळू देण्याचे धोरण त्यांनी पत्करले. पुढे देवस्थानांच्या कारभाराला लेखी नियम आले. सध्या आपण ज्याला माजन कायदा म्हणतो, तो ३० मार्च १९३३ चा देवस्थान कायदा आहे. मुक्तीनंतर संसदेने १९६२ मध्ये गोवा, दमण व दीव प्रशासन कायदा केला आणि त्याने जुने कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले. म्हणजे आज माजन कायदा चालतो तो पोर्तुगालच्या हुकमाने नव्हे, भारतीय संसदेच्या इच्छेने. आणि त्यामुळे त्याचे प्रत्येक कलम मूलभूत हक्कांच्या कसोटीला उतरले पाहिजे. पोर्तुगीज नागरी संहितेविषयी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये होझे पाउलो कुतिन्हो यांच्या खटल्यात हीच भूमिका घेतली : संसदेने स्वीकारल्यामुळे ती भारतीय कायद्याचाच भाग झाली आहे.

आता मी माझ्या पक्षकारांना सांगतो ती अप्रिय गोष्ट. ज्या कायद्याने मामलेदारांना देवस्थानांचा प्रशासक केले, त्याच कायद्याने आपल्याला महाजन केले. कातालोगमध्ये (महाजनांच्या नोंदवहीत) ज्याचे नाव आहे त्यालाच मत, त्यालाच समितीवर निवडून येण्याचा अधिकार, हा हक्क राज्याने लिहून दिलेला आणि राज्याने राखलेला आहे. अध्यक्ष, सचिव, खजिनदार व मुखत्यार यांची दर तीन वर्षांनी होणारी निवड कोणी नाकारली, तर आपण ज्यांच्याकडे धाव घेतो ते मामलेदारच असतात. मग राज्याने बाहेर जावे आणि राज्याने दिलेला वंशपरंपरागत अधिकार मात्र तसाच राहावा, ही मागणी न्यायालयात मांडणे अवघड आहे. समोरचा वकील पहिल्याच दिवशी विचारील की गावात राहणारे, वर्गणी देणारे, जत्रेत राबणारे जे इतर भक्त आहेत, त्यांना मताचा अधिकार का नाही, आणि त्यांना दूर ठेवण्यासाठी राज्याचा कायदा का वापरला जावा?

या ठिकाणी महाजन सहसा कलम २६ पुढे करतात : आम्ही संप्रदाय आहोत. हे काही देवस्थानांच्या बाबतीत खरे ठरू शकते. कर्नाटकातील मुलकी येथील वेंकटरमण देवस्थान गौड सारस्वत ब्राह्मणांचे. तो समाज मूळ गोव्यातून दक्षिणेकडे गेलेला. त्या देवळाचा खटला १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. न्यायालयाने तो समाज धार्मिक संप्रदाय असल्याचे आणि देऊळ त्याचे असल्याचे मान्य केले. देवळात कोणाला प्रवेश द्यावा ही धार्मिक बाब आहे, हेसुद्धा मान्य केले. आणि इतके मान्य करूनही न्यायालयाने दार सर्व हिंदूंना उघडायला लावले, कारण सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवळे सर्व हिंदूंना खुली करणारे कलम २५(२)(ख) हे कलम २६ च्या वरचढ आहे. संप्रदायाच्या सदस्यांपुरते मर्यादित असलेले काही विशिष्ट विधी त्यांच्यासाठी राखून ठेवण्यास परवानगी मिळाली, पण इतरांच्या दर्शनाच्या हक्कात काही अर्थ उरेल एवढ्याच मर्यादेत. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला तरी दोन हक्कांचा मेळ घालण्याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही, आणि गोव्यातील प्रत्येक देवस्थान समितीने ते निकालपत्र एकदा तरी वाचावे असे मला मनापासून वाटते.

मात्र प्रत्येक देऊळ संप्रदायाचे असते असे नाही. ऑरोव्हिलच्या खटल्यात १९८२ मध्ये तीन लक्षणे सांगितली गेली : समान श्रद्धा, समान संघटना आणि स्वतंत्र नाव. पेडणे किंवा सत्तरीतील एखाद्या ग्रामदेवतेच्या देवळात अनेक जातींचे मानकरी आणि सेवेकरी असतात, दिवजे एकाची, तरंगे दुसऱ्याची, ढोल तिसऱ्याचा; अशा देवळाला एका कुळाचा संप्रदाय म्हणवणे मला कायद्याने आणि नीतीनेही पटत नाही. तसेच एखाद्या देवस्थानच्या कोंप्रोमिसने (नियमावलीने) मुलींना महाजनकी नाकारली असेल, तर त्या नियमाला समानतेच्या कलमांपुढे उभे राहावे लागेल, कारण तो नियम राज्याच्या कायद्याखाली मंजूर झालेला असतो. वंशपरंपरागत अधिकार कायद्याने संपवले गेल्याचे उदाहरण मराठी वाचकाच्या अगदी ओळखीचे आहे : पंढरपुरात १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे हक्क गेले आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांचा दावा टिकला नाही.

आता चर्चविषयी. चर्चच्या मालमत्तेचा कारभार फाब्रिकेमार्फत (चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेमार्फत) आर्चबिशपांच्या अधिकाराखाली चालतो, आणि तिथे मामलेदार प्रशासक नाहीत, हे खरे आहे. पण राज्य आणि चर्च यांचा गोव्यातला संबंध तुटलेला होता, असे समजू नये. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर २० एप्रिल १९११ रोजी राज्य आणि चर्च वेगळे करणारा कायदा झाला. त्याआधीच, १९१० मध्ये, घटस्फोट आणि नागरी विवाह यांचे कायदे आले होते. नंतर सालाझारच्या राजवटीने १९४० मध्ये पोपच्या सत्तेशी करार केला आणि घड्याळाचे काटे मागे फिरवले. त्या कराराला अनुसरून गोव्यासह वसाहतींसाठी १९४६ मध्ये विवाहविषयक फर्मान निघाले. चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांनी नागरी घटस्फोटाचा हक्क सोडल्याचे त्यात मानले गेले आणि चर्चच्या धर्मन्यायालयाने विवाह रद्द ठरवल्यास त्या निर्णयाला नागरी परिणाम देण्याची व्यवस्था केली गेली.

म्हणजे देवळात राज्य हिशेब तपासायला आले, आणि कॅथलिक स्त्रीच्या संसारात राज्याने आपला अधिकार धर्मगुरूंच्या हाती दिला. माझ्या मते यांतली दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हिशेब तपासल्याने कोणाची श्रद्धा बदलत नाही; पण नागरिकाच्या विवाहाचा कायदेशीर दर्जा धर्मन्यायालय ठरवू लागले की त्या नागरिकाला न्यायासाठी जायला जागाच उरत नाही. केरळच्या एका प्रकरणात, मॉली जोसेफ खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले की चर्चच्या न्यायाधिकरणाने दिलेला विवाहविच्छेद कायद्याने बंधनकारक नाही. गोव्यातील जुन्या फर्मानामागची कल्पना या तत्त्वाशी जुळत नाही. आपण चर्चकडे बोट दाखवताना याचीही नोंद घ्यावी, कारण 'त्यांना मोकळीक आणि आम्हांला बंधन' एवढे सोपे ते चित्र नाही.

तरीही देवळांना एक कायदा आणि इतरांना दुसरा, याचे घटनात्मक उत्तर काय? पन्नालाल बन्सीलाल पित्ती यांनी आंध्र प्रदेशच्या कायद्याविरुद्ध नेमका हाच मुद्दा मांडला होता. सर्व धर्मांच्या संस्थांसाठी एकच कायदा इष्ट असला, तरी तो एकदम आणणे बंधनकारक नाही. राज्य टप्प्याटप्प्याने सुधारणा करू शकते, असे न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले. देशात इतर धर्मांच्या संस्थांसाठीही कायदे आहेत : पंजाबात गुरुद्वारा कायदा १९२५ पासून आहे, वक्फ मालमत्तांसाठी १९९५ चा कायदा आहे. म्हणून केवळ 'चर्चला नाही, आम्हांलाच का' या एका मुद्द्यावर माजन कायदा रद्द होईल, अशी आशा मी आपल्याला देणार नाही. धोरण म्हणून मात्र माझे मत वेगळे आहे. सार्वजनिक देणग्यांवर चालणाऱ्या सर्व धर्मांच्या संस्थांनी हिशेब प्रसिद्ध करावेत, असा एकच कायदा गोवा विधानसभेने करावा, हे मी अनेक वर्षे बोलत आलो आहे. पण ते काम विधानसभेचे आहे, रिट याचिकेचे नाही.

शवप्रदर्शनाच्या खर्चाचा मुद्दा लवकर आटोपतो. कलम २७ असे सांगते की ज्या कराचे उत्पन्न एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी वा देखभालीसाठीच राखून ठेवलेले आहे, असा कर भरण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. हज यात्रेच्या अनुदानाविरुद्धच्या प्रफुल्ल गोरडिया खटल्यात २०११ मध्ये न्यायालयाने म्हटले की कराच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी वापरला गेला तर कलम २७ चा भंग होईल, तुलनेने लहान खर्चाने होणार नाही. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झालेल्या सोहळ्यासाठी रस्ते, पाणी, वाहतूक आणि स्वच्छता यांवर सरकारने खर्च केला तो गर्दीची सोय म्हणून. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला पोलीस आणि वैद्यकीय पथके पाठवणेही त्याच स्वरूपाचे असते. शिवाय जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्च ही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील वास्तू आहे. खर्च सोयीवर होतो की पूजेवर, एवढेच तपासावे, आणि ते दोन्ही ठिकाणी सारख्याच काटेकोरपणे तपासावे.

आपल्याला आता काय करता येईल ते सांगतो. पुढच्या निवडणुकीची वाट न पाहता मामलेदार कार्यालयातून आपल्या देवस्थानच्या कोंप्रोमिसची आणि कातालोगची प्रमाणित प्रत काढून घ्या. बहुतेक भांडणांत दोन्ही बाजू ऐकीव माहितीवर बोलत असतात आणि मूळ कागद कोणीच पाहिलेला नसतो. कोंप्रोमिस पोर्तुगीज भाषेत असेल तर त्याचे प्रमाणित भाषांतर करून घ्या. त्यानंतर मामलेदारांच्या ज्या आदेशांविषयी तक्रार आहे, ते प्रत्येकी वेगळे मांडा. एखाद्या आदेशाने विधी, गाभारा किंवा उत्सवाची तिथी यांत हात घातला असेल, तर कलम २६ च्या धार्मिक बाबींच्या खंडाखाली त्याला आव्हान द्या. समिती बरखास्त करून मुदतीविना प्रशासक बसवला असेल, तर चिदंबरमचा निकाल जोडा आणि निवडणुकीची निश्चित तारीख मागा. आदेश हिशेबाविषयी असेल, तर त्यात घटनेचा मुद्दा ओढून आणू नका. अपिलाचा मार्ग असेल तो वापरा आणि हिशेब सादर करा. यांपैकी पहिल्या दोन बाबींत पर्वरीतील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे कलम २२६ खाली जाता येईल. याचिका लिहिण्यापूर्वी आपल्या देवळात वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या, पण कातालोगमध्ये नाव नसलेल्या भक्तांना काय हवे आहे हेही त्यांना विचारून घ्या, कारण न्यायालयाने त्यांना पक्षकार करून घेण्याची शक्यता मोठी आहे आणि त्यांचे म्हणणे त्या दिवशी प्रथमच ऐकण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.